नव्या माशाला आधी वेगळी टाकी

खाऱ्या पाण्यातला कोणताही नवा मासा, कितीही तजेलदार दिसत असला आणि कितीही भरवशाच्या दुकानातून आणला असला, तरी थेट मुख्य टाकीत सोडू नका. त्याला चार ते सहा आठवडे तरी वेगळ्या, साध्या टाकीत, म्हणजे क्वारंटाइनमध्ये, ठेवा. मरीन टँकच्या छंदात पाण्याची रसायनं, दिवे, पंप, प्रवाळ यांवर तासन्‌तास बोललं जातं. या एका गोष्टीकडे मात्र ‘नंतर बघू’ म्हणून काणाडोळा होतो. आणि ‘नंतर’ येतं तेव्हा टाकीतले निम्मे मासे तरी गेलेले असतात.

कारण सरळ आहे. मुख्य टाकीत उपचार करताच येत नाहीत. माशांवरच्या परजीवींना मारणारं सर्वांत खात्रीचं औषध म्हणजे तांबं, आणि तेच तांबं गोगलगायी, कोळंब्या, प्रवाळ या सगळ्यांसाठी विष असतं. शिवाय लाइव्ह रॉक आणि प्रवाळाची वाळू पाण्यातलं तांबं शोषून घेतात, त्यामुळे मात्रा टिकत नाही. मासा बाहेर काढून उपचार करावेत म्हटलं, तर दगडांच्या कपारीत दडलेला मासा पकडायला अख्खी रचना उपसावी लागते. ज्याने हे एकदा केलं आहे तो पुन्हा करायला धजत नाही. म्हणून उपचार करायची जागा आधीच, माशाच्या वाटेवर, तयार हवी.

ठिपके गेले म्हणजे रोग गेला, असं नाही

पांढऱ्या ठिपक्यांचा रोग सगळ्यांना माहीत आहे. माशाच्या अंगावर मिठाचे कण भुरभुरल्यासारखे दिसतात. दुकानात त्याला ‘इक’ म्हणतात. तो क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स या एकपेशीय परजीवीमुळे होतो. त्याचं जीवनचक्र नीट समजून घेतलं, तर क्वारंटाइनचे बहुतेक नियम पाठ करावे लागत नाहीत. ते आपोआप लक्षात येतात.

हा जीव माशाच्या कातडीच्या आणि कल्ल्यांच्या वरच्या थराखाली शिरतो आणि तीन ते सात दिवस तिथे राहून पोसतो. आपल्याला दिसतो तो ठिपका याच अवस्थेतला. पेशींच्या थराखाली असल्यामुळे पाण्यातलं औषध त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. पोट भरलं की तो माशाला सोडतो, तळावर, काचेवर किंवा दगडावर चिकटतो आणि स्वतःभोवती कठीण कवच तयार करतो. या कवचावरही औषधाचा परिणाम होत नाही. कवचाच्या आत तो पुन्हा पुन्हा विभागला जातो आणि शेवटी, बहुधा अंधारात, शेकडो नवे पोहणारे जीव पाण्यात सुटतात. त्यांना एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ते मरतात. औषध लागू पडतं ते फक्त या पोहणाऱ्या अवस्थेवर.

आता घरी काय होतं ते बघा. ठिपके दिसतात, आपण घाबरतो, दुकानदार ‘रीफसेफ’ असं लिहिलेली एक बाटली देतो, आपण ती टाकीत ओततो आणि चार-पाच दिवसांत ठिपके नाहीसे होतात. मासा बरा झाला असं वाटतं. प्रत्यक्षात परजीवी ठरल्या वेळी मासा सोडून तळाशी गेलेला असतो. बाटली ओतली नसती तरीही तो गेलाच असता. पुढच्या फेरीत तो कितीतरी पटींनी परत येतो. लसूण चोळलेल्या खाद्याची ख्यातीही अशाच योगायोगांवर टिकून आहे. लसणाने मासा खायला लागला तर आनंदच आहे, पण परजीवीला त्याने काही होत नाही.

कवचातली अवस्था बहुधा तीन दिवस ते चार आठवडे टिकते. मात्र १९९७ साली कोलोर्नी आणि बर्जेस या संशोधकांनी ७२ दिवसांपर्यंतचीही नोंद केली आहे. रोग शिरलेली मुख्य टाकी माशांविना ७६ दिवस रिकामी ठेवायला सांगतात, ते याच हिशोबाने. अडीच महिने रिकामी टाकी बघत बसण्यापेक्षा नवा मासा सहा आठवडे बाजूला ठेवणं केव्हाही परवडतं.

मखमली रोग याहून भयंकर आहे. अमायलोओडिनियम हा परजीवी आधी कल्ल्यांवर बसतो. त्यामुळे अंगावर काही दिसायच्या आधीच मासा धापा टाकू लागतो, प्रकाश टाळतो, पंपाच्या झोतासमोर तोंड करून उभा राहतो. बारीक सोनेरी भुकटीसारखा थर अंगावर दिसेपर्यंत बऱ्याचदा वेळ निघून गेलेली असते. एका कवचातून २५६ पर्यंत नवे जीव सुटतात. पूर्ण टाकी दोन-तीन दिवसांत रिकामी होऊ शकते. या रोगात ‘उद्या बघू’ म्हणायची सोय नाही.

दुकानातला निरोगी मासा

अनेक व्यापारी आपल्या टाक्यांमध्ये थोडं तांबं कायम ठेवतात. रोग पूर्ण मारायला ते पुरत नाही, पण दाबून ठेवायला पुरतं. म्हणून दुकानात अंगावर एकही ठिपका नसलेला मासा तुमच्या तांबंविरहित पाण्यात आल्यावर आठवड्याभरात ठिपक्यांनी भरतो. यात दुकानदाराची फसवणूक असतेच असं नाही. शेकडो मासे रोज येत-जात असताना त्याला तेवढंच शक्य असतं. पण त्याच्याकडच्या दिसण्यावर आपण विसंबू शकत नाही.

खरेदी करताना तीन गोष्टी विचारा: मासा कधी आला, पाण्याची घनता किती आहे, तांबं चालू आहे का. मग तुमच्यासमोर त्याला खायला घालायला सांगा. आल्याच्या दिवशीच विकला जाणारा मासा घेऊ नका. आठवडाभर दुकानात राहू द्या, हवं तर पैसे देऊन ठेवा. पोट खपाटीला गेलेला, डोक्यामागचा भाग आत बसलेला मासा दया येऊन घरी आणू नका. क्लाउनफिश हवा असेल तर हॅचरीत जन्मलेलाच मागा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने, म्हणजे सीएमएफआरआयने, क्लाउनफिशच्या पैदाशीचं तंत्र आपल्याकडे विकसित केलं आहे. हॅचरीतला मासा गोळीखाद्य खातो, टाकीला सरावलेला असतो आणि समुद्रातून एक मासा कमी काढला जातो. समुद्री घोडे आणि प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, हेही ध्यानात असू द्या. किनाऱ्यावर किंवा बाजारात कुणी ‘देतो’ म्हणालं तरी हात लावू नका.

टाकी कशी असावी

क्वारंटाइनची टाकी जितकी उघडीवाघडी तितकी चांगली. लहान माशांसाठी ७५ लिटरची काचेची टाकी पुरते. टँगसारख्या सतत फिरणाऱ्या माशासाठी दीडशे लिटरच्या आसपास धरा. तळाशी वाळू नको, लाइव्ह रॉक नको. लपायला पीव्हीसी पाइपचे एल्बो आणि टी ठेवा. हार्डवेअरच्या दुकानात ते कोणत्याही सजावटीपेक्षा स्वस्त मिळतात. वाळूत शिरून झोपणारे रास (wrasse) मासे असतील तर प्लास्टिकच्या डब्यात सिलिका वाळू भरून ठेवा. सिलिका तांबं शोषत नाही. वर घट्ट झाकण किंवा जाळी हवीच, कारण घाबरलेला नवा मासा उडी मारतो. हीटर, थर्मामीटर, एअर पंप आणि स्पंज फिल्टर झाले की सामान संपलं.

या सगळ्यात स्पंजला सर्वांत जास्त महत्त्व आहे, आणि नेमका तोच आयत्या वेळी कोरा आणला जातो. कोऱ्या स्पंजात अमोनिया पचवणारे जिवाणू नसतात. त्यामुळे मासा रोगाने नाही, तर स्वतःच्याच मलमूत्राने मरतो आणि दोष क्वारंटाइनला दिला जातो. म्हणून एक जास्तीचा स्पंज कायम मुख्य टाकीच्या सम्पमध्ये, म्हणजे तिला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत, पडून राहू द्या. चार-सहा आठवड्यांत तो तयार होतो. मासा यायच्या दिवशी उचलून क्वारंटाइनमध्ये लावायचा. एकदा तिकडे गेलेला स्पंज परत सम्पमध्ये आणायचा नाही. अमोनियाची चाचणी पहिले दोन आठवडे रोज करा. आकडा शून्यावर नसेल तर पाणी बदला.

जागा निवडताना दोन गोष्टी बघा. मखमली रोगाचे पोहणारे जीव पाण्याच्या सूक्ष्म तुषारांतून हवेत पसरू शकतात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पंख्याच्या वाऱ्यासोबत ते तीन मीटरपर्यंत पोहोचल्याचं दिसलं. म्हणजे मुख्य टाकीशेजारच्या स्टुलावर क्वारंटाइन मांडण्यात अर्थ नाही. शक्यतो दुसरी खोली बघा. दुसरी गोष्ट हवेची. एअर पंप खोलीतली हवा सरळ पाण्यात ढकलतो. डासांची कॉइल, धूप, रंगकाम, पेस्ट कंट्रोल यांचा धूर-वास ज्या खोलीत जातो तिथे टाकी नको. बाल्कनीही नको, दिवसरात्रीचं तापमान तिथे फार बदलतं. एप्रिल-मेमध्ये मुंबईच्या घरात पाणी सहज तिशीच्या वर जातं. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून टाकीवर छोटा पंखा लावून तापमान २५-२६ अंशांच्या जवळ ठेवायचा प्रयत्न करा. वीज जाणाऱ्या भागात बॅटरीवर चालणारा एअर पंप आणूनच ठेवा.

जाळी, बादली, नळी, टॉवेल सगळं या टाकीचं स्वतंत्र हवं. ओली जाळी एका टाकीतून दुसऱ्या टाकीत गेली की सगळी मेहनत वाया. आधी मुख्य टाकीचं काम करा, मग क्वारंटाइनचं, आणि शेवटी हात कोपरापर्यंत धुवा.

पिशवी उघडताना

मासा लांबून आला असेल तर पिशवीतल्या पाण्यात अमोनिया साचलेला असतो. पण माशाच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे त्या पाण्याचा पीएच उतरलेला असतो आणि कमी पीएचमध्ये अमोनियाचं विषारी रूप फारसं नसतं. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया माशाला जाळायला लागतो. त्यामुळे थेंबाथेंबाने दोन तास पाणी मिसळत बसण्याची पद्धत लांबून आलेल्या माशाला घातक ठरते.

बरा उपाय असा. दुकानाला घनता विचारून क्वारंटाइनचं पाणी आधीच तेवढ्यावर आणून ठेवा. बऱ्याच दुकानांत ती १.०१८ ते १.०२० असते. बंद पिशवी वीस-एक मिनिटं टाकीत तरंगू द्या, तापमान सारखं झालं की उघडा, रिफ्रॅक्टोमीटरने घनता तपासा आणि जुळत असेल तर मासा लगेच सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका. नंतर रोज ०.००१ ते ०.००२ एवढीच वाढ करत १.०२५ पर्यंत जा. घनता वाढवताना मासा जास्त हाल सोसतो, कमी करताना कमी. त्या दिवशी दिवा बंदच ठेवा.

पहिला आठवडा: फक्त खाणं

पकडणं, विमान, पिशवी, दुकान, पुन्हा पिशवी एवढ्या प्रवासानंतर माशाची पहिली गरज शांतपणाची आहे. क्वारंटाइनचा हा फायदा रोग टाळण्याइतकाच मोठा आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. इथे त्याच्यावर गुरगुरणारा डॅमसेल नसतो, खाद्यावर झडप घालणारी गर्दी नसते. तो किती खातो हे नेमकं दिसतं. गोठवलेलं मायसिस, जिवंत आर्टेमिया, टँगसाठी क्लिपला लावलेली नोरीची पट्टी देऊन बघा. तोंडाने टोचून खाणारे बटरफ्लायफिश काहीच घेत नसतील तर बाजारातली तिसरी (शिंपला) आधी गोठवून, मग उघडून टाकीत ठेवा. अनेकदा तिथूनच खाणं सुरू होतं. उरलेलं अर्ध्या तासात नळीने ओढून काढा. औषधांच्या घाईत न खाणाऱ्या माशावर तांब्याचा भार टाकणं मला पटत नाही. रोगाची लक्षणं नसतील तर आधी त्याला खाऊ द्या. मखमली रोगाची शंका असेल तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी उपचार सुरू करा.

औषध द्यावं का, की नुसतं बघावं?

या प्रश्नावर अनुभवी लोकांतही मतभेद आहेत. नुसतं निरीक्षण पुरेसं असतं असं म्हणणाऱ्यांचा मुद्दा असा की औषधाचाही माशाला त्रास होतो. ते खरंच आहे. पण कल्ल्यांत दडलेला थोडासा इक बाहेर काहीही न दाखवता आठवडेच्या आठवडे टिकू शकतो. त्यामुळे समुद्रातून पकडलेले टँग, एंजल, बटरफ्लाय यांना मी लक्षणं नसतानाही उपचार द्यावेत असं सांगेन. हॅचरीतला क्लाउनफिश खात्रीच्या जागेहून, इतर माशांशी संबंध न आलेला असा असेल, तर चार आठवड्यांचं निरीक्षण पुरे.

तांब्याचे दोन प्रकार बाजारात मिळतात आणि त्यांची मात्रा पूर्ण वेगळी असते. साध्या, आयनिक तांब्याची मात्रा ०.१५ ते ०.२० पीपीएम, तर चिलेटेड तांब्याची २.० ते २.५ पीपीएम. बाटलीवर कोणता प्रकार आहे हे न वाचता मात्रा दिली तर मासा मरतो किंवा परजीवी मरत नाही. नवख्याने चिलेटेडच वापरावं, त्यात चुकीला थोडी जागा असते. एकदम पूर्ण मात्रा न देता तीन-चार दिवसांत चढवत न्या. मग ३० दिवस ती पातळी एकदाही खाली येऊ देऊ नका. एक दिवस खाली गेली तर मोजणी पहिल्या दिवसापासून. रंग जुळवून बघायच्या चाचणीत २.० आणि २.५ यांतला फरक डोळ्यांना कळत नाही. डिजिटल कलरीमीटर महाग आहे, तरी या छंदात खर्च करायचाच असेल तर दिव्यांआधी तो यावर करा.

बाष्पीभवनाने पाणी कमी होतं तेव्हा तांबं आणि मीठ दोन्ही दाट होतात. काचेवर मार्करने पातळीची रेघ मारा आणि रोज आरओचं पाणी घालून रेघेपर्यंत आणा. पाणी बदलताना नव्या पाण्यात आधीच तेवढं तांबं मिसळा. फिल्टरमध्ये कार्बन ठेवू नका, तो औषध ओढून घेतो. आणि तांबं चालू असताना अमोनिया निष्प्रभ करणारी रसायनं टाकू नका. त्यांतली काही तांब्याला जास्त विषारी रूप देतात. अमोनिया चढला तर उपाय एकच, पाणी बदलणं. शार्क, रे यांना तांबं देऊच नये. मँडरिन, लेपर्ड रास, बुटके एंजल यांनाही ते जपूनच द्यावं लागतं.

अशा नाजूक माशांसाठी औषधाविना एक मार्ग आहे: टाकी बदलण्याचा. परजीवी माशाला सोडून तळाशी गेला की नवी पिढी सुटायला किमान तीन दिवस लागतात. म्हणून दर ७२ तासांच्या आत मासा वाळवून घेतलेल्या, स्वच्छ, नव्या पाण्याच्या टाकीत हलवायचा. १२ दिवसांत चार वेळा. मागे राहिलेले परजीवी जुन्या टाकीतच राहतात. दोन मोठे प्लास्टिकचे टब, दोन हीटर, दोन एअरस्टोन एवढ्यावर हे जमतं. रिकामा झालेला टब सामानासकट घासून पूर्ण वाळवला पाहिजे. ओलसर राहिला तर उपयोग नाही. ही पद्धत फक्त इकवर चालते. मखमली रोगावर नाही.

तांब्याने न जाणारे रोगही आहेत. समुद्रातून पकडलेल्या क्लाउनफिशच्या अंगावर जाड चिकट थर येऊन कातडी सुटू लागली तर तो बहुधा ब्रुक्लिनेला. त्यावर फॉर्मेलिनचं स्नान देतात. फॉर्मेलिन माणसालाही घातक आहे, तेव्हा हातमोजे घालून, खिडक्या उघडून आणि शक्यतो माशांची माहिती असलेल्या पशुवैद्याला विचारूनच वापरा. कातडीवरचे चपटे कृमी जवळजवळ पारदर्शक असल्याने दिसत नाहीत. मासा अंग घासतो, डोळे धुरकटतात. यावर प्राझिक्वांटेल हे औषध आहे. त्याने कृमींची अंडी मरत नाहीत, म्हणून पाच-सात दिवसांनी दुसरी मात्रा लागते. हे औषध टाकल्यावर पाण्यातले जिवाणू वाढून प्राणवायू घटतो, तेव्हा हवा दुप्पट सोडा. कल्ल्यांवर वा पंखांवर फुलकोबीसारख्या पांढऱ्या गाठी दिसल्या आणि मासा नीट खात असेल, तर तो बहुधा लिम्फोसिस्टिस हा विषाणूजन्य विकार. त्याला औषध नाही आणि बहुधा लागतही नाही. चांगल्या खाण्याने तो उतरतो.

शेवटचे दिवस

उपचार संपले की पाणी बदलून आणि कार्बन लावून तांबं काढून टाका. मग दहा-चौदा दिवस औषधाविना फक्त बघा. दबलेलं काही असेल तर ते याच काळात वर येतं. हा टप्पा गाळायचा मोह फार होतो, कारण मासा एव्हाना छान खात असतो. गाळू नका. या सगळ्या काळात दुसरा मासा आणला तर दोघांचीही मोजणी नव्याने सुरू होते. म्हणून दोन-तीन मासे घ्यायचेच असतील तर एकाच वेळी, एकमेकांशी न भांडणारे घ्या. गणपतीला गावी जायचं असेल किंवा दिवाळीची सुट्टी तोंडावर असेल तर मासा परतल्यावरच आणा. शेजाऱ्याला खाद्य टाकायला सांगता येतं, तांबं मोजायला नाही.

गोगलगायी, खेकडे आणि परवान्याने विकली जाणारी इतर मत्स्येतर मंडळी स्वतः या रोगांनी आजारी पडत नाहीत, पण त्यांच्या शिंपल्याला चिकटून इकचं कवच येऊ शकतं. त्यांना माशांविना वेगळ्या टाकीत ठेवा. पूर्ण खात्री हवी असेल तर इथेही ७६ दिवस.

मासा हलवायच्या दिवशी दोन्हीकडची घनता आणि तापमान सारखं करून घ्या. मुख्य टाकीतले दिवे मंद करा. जुने मासे हद्दीसाठी भांडणारे असतील तर नव्याला दोन-तीन दिवस भोकं पाडलेल्या पारदर्शक डब्यात त्याच टाकीत ठेवा, म्हणजे त्यांची नजर सरावते. क्वारंटाइनचं पाणी गटारात जाऊ द्या, मुख्य टाकीत एक थेंबही नको. टाकी, पाइप, हीटर, जाळी ब्लीचच्या पाण्याने धुऊन, स्वच्छ पाण्याने विसळून, उन्हात खडखडीत वाळवा. आणि पुढच्या माशाचा विचार मनात असेल तर दुसरा स्पंज आजच सम्पमध्ये टाका.